थंड हवेचें यंत्र : उन्हाळ्यापूर्वींची निगा

महाशिवरात्र उलटली कीं थंडी घरांतून काढता पाय घेते, आणि होळीचा विस्तव विझतो न विझतो तोंच दुपारच्या उन्हाला धार चढूं लागते. नवा माठ, वाळ्याची जुडी, पन्ह्यासाठीं कैऱ्या, गच्चीवरील पापड-कुरडया अशी जी उन्हाळ्याच्या तयारीची जुनी घरगुती यादी आहे, तींत शहरांतील पुष्कळ कुटुंबांत आतां आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तु म्हणजे वातानुकूलन-यंत्र. घरोघर त्याला ‘ए.सी.’ या दोन अक्षरांनींच ओळखतात. नवा माठ आणला तरी तो आधीं पाण्यानें भरून ठेवावा, तें पाणी टाकून द्यावें आणि मगच पिण्याचें पाणी भरावें, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावें लागत नाहीं. माठाची एवढी काळजी घेणाऱ्या त्याच घरांत हजारों रुपयांचें यंत्र मात्र दिवाळीनंतर बंद होतें, चार महिने धूळ खात राहतें, आणि मार्चअखेरच्या एखाद्या असह्य रात्रीं कांहींहि पूर्वतयारी न करतां एकदम चालू केलें जातें.

मग त्यांतून गार वारा येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कारागिराला बोलावणें जातें. तो येतो, यंत्राकडे दोन मिनिटें पाहतो आणि म्हणतो, “काकू, गॅस कमी झालाय. भरावा लागेल.”

“अहो, गेल्या वर्षींच भरला होता ना?”

“दर वर्षीं भरावाच लागतो, काकू.”

पैसे दिले जातात, वारा गार होतो, आणि पुढल्या वर्षीं हाच संवाद पुन्हां होतो. या चार वाक्यांत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. स्वयंपाकाचा गॅस जसा जळून संपतो, किंवा मोटारीचें पेट्रोल जसें खर्ची पडतें, तसा वातानुकूलन-यंत्रांतील गॅसहि वापरून संपत असावा, असें बहुतेकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. ती समजून घेण्यासाठीं हें यंत्र करतें तरी काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. थंडी नांवाचा पदार्थच जगांत नाहीं; आहे ती फक्त उष्णता. खोलींतील उष्णता उचलावयाची आणि भिंतीबाहेर नेऊन टाकावयाची, एवढेंच काम हें यंत्र करतें. त्यामागील तत्त्व माठांतलेंच आहे. माठांतून झिरपलेलें पाणी बाहेरच्या बाजूस वाफ होऊन उडून जातें, आणि उडतांना लागणारी उष्णता तें आंतल्या पाण्याकडून व मडक्याकडून घेतें. म्हणून माठांतील पाणी गार होतें. वातानुकूलन-यंत्रांत पाण्याच्या जागीं एक असा द्रव असतो, कीं जो फार कमी तापमानालाच उकळतो. खोलीच्या आंत असलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यांत, म्हणजे कॉइलमध्यें, तो उकळतो आणि खोलीच्या हवेंतील उष्णता शोषून घेतो. त्याची झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबून अधिक तप्त करतो व बाहेरच्या वेटोळ्यांत ढकलतो. तेथें ती वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हां द्रवरूप होते, एका अरुंद वाटेंतून जातांना तिचा दाब उतरतो, आणि ती परत आंत येते.

म्हणजे तोच पदार्थ बंद नळ्यांतून अखंड फिरत राहतो. विहिरीवरील रहाटगाडग्याची माळ डोळ्यांपुढें आणावी. गाडगीं रिकामीं खालीं जातात, भरून वर येतात, पाणी ओततात आणि पुन्हां खालीं जातात. पाणी उपसलें जातें. गाडगीं खर्च होत नाहींत. यंत्रांतील गॅस हीं गाडगीं होत. तीं कमी झालीं असतील, तर कोठें तरी माळ तुटली आहे एवढाच त्याचा अर्थ.

या रहाटाची ताकद ‘टन’ या मापानें मोजतात. तें माप बर्फाच्या काळांतलें आहे. अमेरिकेंतील २,००० पौंडांचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तितक्याच वेळांत हलविणारें यंत्र एक टनाचें. त्या हिशेबानें शयनगृहांत सामान्यतः दिसणारें दीड टनाचें यंत्र पूर्ण शक्तीनें चालल्यास दिवसभरांत सुमारे १,३६० किलो बर्फाचें काम करतें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर तें दर क्षणीं सव्वापांच किलोवॅटच्या वेगानें उष्णता बाहेर काढतें, आणि त्यासाठीं दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतें. ही विजेची उष्णताहि बाहेरच जाते. म्हणजे खिडकीबाहेरील पेटी जवळजवळ पावणेसात किलोवॅट उष्णता हवेंत सोडीत असते. सहा-सात मोठ्या विजेच्या शेगड्या एकदम पेटविल्यासारखीच ही गोष्ट आहे. तिची वाट अडली तर काय होईल, याची कल्पना यावरून यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. अमेरिकेंतील तरुण अभियंता विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आंखली, ती माणसांच्या सुखासाठीं नव्हे, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यासाठीं. हवेंतील ओलाव्यानें कागद फुगे व आकसे, आणि रंगीत छपाईचा एक रंग दुसऱ्यावर नीट बसत नसे. म्हणून हवेंतील ओल ताब्यांत ठेवणें हाच त्या यंत्राचा मूळ हेतु होता. मुंबईकराला याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवर पाणी सोडणारा कूलर उत्तम काम देतो. तोच कूलर मुंबईच्या अगोदरच भिजलेल्या हवेंत लावला तर घाम आणखी वाढतो. मुंबई, ठाणें, रत्नागिरी, पणजी येथील हवेंतून उष्णतेबरोबर पाणीहि काढावें लागतें. थंड पेल्याच्या बाहेरून जसे थेंब जमतात, तसेंच हें पाणी आंतल्या कॉइलवर जमतें, खालच्या पन्हळींत उतरतें आणि नळीवाटे बाहेर जातें. दमट दिवसांत दीड टनाच्या यंत्रांतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी निघणें मुळींच नवल नाहीं.

तेव्हां या यंत्राच्या तीन वाटा आहेत : आंतल्या हवेची वाट, बाहेर टाकावयाच्या उष्णतेची वाट, आणि पाण्याची वाट. ‘ए.सी. गार करीत नाहीं’ म्हणून येणाऱ्या पुष्कळशा तक्रारी या तिहींपैकीं एखादी वाट तुंबल्यानें उत्पन्न होतात. उन्हाळ्यापूर्वींची निगा म्हणजे या तीन वाटा मोकळ्या करणें. त्यांतील बरेंचसें काम घरांतल्या घरांत होण्यासारखें आहे.

आंतल्या हवेच्या वाटेवर पहारा करते ती फिल्टरची जाळी. यंत्राचें बटण बंद करून, भिंतीवरील मुख्य स्विचहि बंद करावा, समोरचें झांकण वर उचलावें आणि जाळ्या हलक्या हातानें बाहेर ओढाव्या. त्या उजेडासमोर धरून पाहाव्या. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा तरी कशी जाणार? आधीं कोरडी धूळ झटकावी, मग ज्या बाजूनें धूळ आंत शिरते तिच्या उलट बाजूनें साध्या पाण्याची धार सोडावी, म्हणजे कचरा जाळींत अधिक रुतत नाहीं. तेलकटपणा असेल तर सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. जाळी सावलींत पूर्ण वाळवावी. कडक उन्हांत ती वांकते, आणि ओली बसविली तर कुबट वास येतो. यंत्र रोज चालत असतां हें काम दर पंधरा दिवसांनीं करावें, आणि शेजारीं इमारतीचें बांधकाम चालू असेल तर आठवड्यानें करावें.

ही जाळी तुंबली तर एक फसवा प्रकार घडतो. कॉइलवरून पुरेशी हवा जात नाहीं, त्यामुळें आंतल्या द्रवाला हवी तेवढी उष्णता मिळत नाहीं, कॉइल शून्य अंशाच्याहि खालीं जाते आणि तिच्यावर बर्फ धरूं लागतो. बर्फ दिसला कीं यंत्र जोरांत चाललें आहे, असा कित्येकांचा समज होतो. वास्तविक तो बर्फ म्हणजे हवेच्या वाटेवर आडवी आलेली आणखी एक भिंतच होय. तो चाकूनें खरवडण्याचा मोह सर्वथा टाळावा. पातळ नळीला चाकूचें टोंक लागलें कीं गॅस निघून जातो. यंत्र बंद ठेवून बर्फ आपोआप वितळूं द्यावा आणि जाळी धुवावी. स्वच्छ जाळी असतांहि बर्फ पुन्हां धरला, तर मात्र गॅस खरोखरच कमी असण्याचा संभव असतो आणि कारागिराला बोलावणें योग्य.

उष्णतेची वाट बाहेरच्या पेटींतून जाते, आणि तिची हेळसांड सर्वांत अधिक होते, कारण ती कोणाला दिसत नाहीं. तिच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांत चार महिन्यांची धूळ, कापसासारखा कचरा आणि वाळलेलीं पानें अडकतात. मुंबई-पुण्याकडे तर पेटीच्या मागील सांदींत कबुतरांनीं काटक्यांचें घरटें हमखास केलेलें असतें. घराची जागा वाढविण्यासाठीं बाल्कनी कांचेनें बंद करून पेटी आंतच ठेवण्याची रीतहि कित्येक ठिकाणीं दिसते. तेथें पेटी आपणच टाकलेली गरम हवा पुन्हां पुन्हां ओढून घेते. या सर्वांचा परिणाम एकच : उष्णता बाहेर पडत नाहीं, नळ्यांतील दाब वाढतो, कॉम्प्रेसर अधिक वीज खातो, आणि नेमक्या भर दुपारीं अतिभारानें बंद पडतो. समुद्रकांठीं खाऱ्या वाऱ्यानें पातीं झिजतात. खाडी किंवा उघडा नाला जवळ असेल, तर तेथील गंधकयुक्त वायूनें तांब्याच्या नळ्या काळवंडून त्यांना बारीक छिद्रें पडतात. अशा वस्तींत ही तपासणी अधिक काळजीनें करावी लागते.

पाण्याची वाट तपासणें सोपें आहे. यंत्र अर्धा-पाऊण तास चालल्यावर नळीच्या तोंडाशीं थेंब पडतात कीं नाहीं तें पाहावें. दमट हवेंत थेंब पडत नसतील, आणि आंत भिंतीवर ओल उतरत असेल, तर नळींत धूळ व बुळबुळीत गाळ सांचला आहे असें समजावें. नळी सर्वत्र उताराची असावी. मध्येंच ती वर चढली किंवा तिचें टोंक पाण्याच्या बादलींत बुडालेलें असलें, तरी पाणी मागें फिरतें. सांचलेल्या पाण्यांत बुरशी वाढते, आणि पहिल्या वाऱ्याबरोबर येणारा कुबट वास हा तिचाच निरोप असतो. ज्या घरांत दम्याचा रोगी किंवा लहान मूल आहे, तेथें या वासाकडे सुगंधी फवारे मारून दुर्लक्ष करणें बरें नव्हे.

वाटा मोकळ्या झाल्या कीं परीक्षा घ्यावी. खोली गरम असतांना यंत्र सर्वांत कमी तापमानावर लावून पंधरा-वीस मिनिटें चालूं द्यावें. मग एक साधा तापमापक आधीं यंत्रांत हवा शिरते तेथें व नंतर गार वारा बाहेर पडतो तेथें धरावा. दोहोंतील अंतर सामान्यतः ८ ते १२ अंश सेल्सिअस असतें. हवा फार दमट असल्यास तें थोडें कमी भरतें. अंतर एवढें असेल, तर यंत्र निरोगी आहे, आणि ‘गॅस कमी आहे’ या निदानाला आधार नाहीं.

अंतर फारच कमी भरलें तर? तर गळती असूं शकते, आणि तेव्हां ती शोधून बुजविणें हाच खरा उपाय. गळक्या हंड्यांत रोज पाणी ओतणाऱ्याला कोणी शहाणें म्हणत नाहीं. जाणता कारागीर नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानें भरतो, सांध्यांवर साबणाचा फेंस लावून बुडबुडे पाहतो, छिद्र झाळतो, पंपानें नळ्यांतील हवा व ओल पूर्णपणें ओढून घेतो, आणि मग यंत्राच्या पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेले असतील तितकाच गॅस वजन करून भरतो. या कामाला वेळ लागतो. एप्रिलच्या मध्यावर दिवसाला दहा-दहा घरीं धांवणाऱ्या कारागिराजवळ तो नसतो, आणि ‘आजच्या आज गार करून द्या’ म्हणणाऱ्या गृहस्थापाशीं धीर नसतो. दरवर्षींच्या गॅस भरण्याचा दोष म्हणूनच एकट्या कारागिराच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. त्याला फेब्रुवारींत बोलवावें, म्हणजे तो काम नीट करूं शकतो.

यांत केवळ पैशांचा प्रश्न नाहीं. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराची हानि करतो, म्हणूनच १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वयें तो क्रमाक्रमानें बंद केला जात आहे. शिवाय तो पृथ्वीला तापवितोहि : एक किलो आर-२२ हवेंत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा ताप सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. नव्या यंत्रांत पुष्कळदां आढळणाऱ्या आर-३२ चा हाच आंकडा ६७५ आहे. कांहीं यंत्रांत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, असतो. त्याची तापविण्याची शक्ति नगण्य आहे. परंतु आर-३२ थोडा आणि प्रोपेन पुष्कळच ज्वालाग्राही असल्यामुळें अशा यंत्राच्या नळ्यांशीं अशिक्षित हातानें खेळणें घातक ठरतें. एका खोलीला गारवा देण्यासाठीं दरवर्षीं गॅस हवेंत सोडणें म्हणजे पुढल्या पिढीचा उन्हाळा वाढविणें होय.

घरच्या माणसाचा हात कोठें थांबावा, हेंहि याच ठिकाणीं सांगितलें पाहिजे. जाळी धुणें, पन्हळ व नळी पाहणें, आवाज व वास ओळखणें, तापमान मोजणें हीं घरचीं कामें. पेटी उघडणें हें घरचें काम नव्हे. तिच्यांतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ प्रवाह सांठवून ठेवतो आणि जबर धक्का देऊं शकतो. यंत्रासाठीं मुख्य फळीपासून स्वतंत्र व पुरेशी जाड तार, वेगळा एम.सी.बी. आणि नीट अर्थिंग असलें पाहिजे. प्लग तपकिरी पडला असेल, सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर यंत्र त्याच क्षणीं बंद करावें आणि वायरमनला दाखवावें. वारंवार पडणारा एम.सी.बी. बदलून मोठा बसविणें म्हणजे पहारेकऱ्याला झोंपवून दार उघडें ठेवणें होय.

त्याहूनहि गंभीर एक गोष्ट घराच्या हिशेबांत सहसा धरली जात नाहीं. बाहेरची पेटी पुष्कळदां चौथ्या-सातव्या मजल्यावर, लोखंडी कंसांवर टांगलेली असते. ती साफ करावयास जो तरुण खिडकीबाहेर उतरतो, त्याच्या पायांखालीं केवळ वीतभर छज्जा असतो, आणि कंस गंजलेला आहे कीं नाहीं हें त्याला ठाऊक नसतें. त्याच्या कमरेला सुरक्षा-पट्टा असावा व तो पट्टा भक्कम आधाराला बांधलेला असावा, हा आग्रह घरमालकानें धरला पाहिजे. पट्टा नसेल तर काम त्या दिवशीं होऊं नये. गारव्याची घाई कोणाच्याहि जिवापेक्षां मोठी नाहीं. कंस गंजले असतील तर ते उन्हाळ्यापूर्वींच बदलावे. खालून जाणाऱ्या माणसाचाहि जीव त्यांवर अवलंबून असतो.

यंत्र सज्ज झालें म्हणजे तें चालवावें कसें? १ जानेवारी २०२० पासून भारतांत तारांकित यंत्रें चालू होतांना आपोआप २४ अंशांवर यावीं असा नियम आहे, आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. एक अंश वर ठेवला तर विजेंत सुमारे ६ टक्के बचत होते, असें ऊर्जा-कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे. २५-२६ अंश आणि मंद पंखा यांत झोंप उत्तम लागते. १६ अंशांवर लावल्यानें खोली लवकर गार होते हा समजहि बहुधा चुकीचाच. साधें यंत्र सारख्याच वेगानें चालतें, फक्त बंद कधीं व्हावयाचें हें विसरतें. आणखी एक : घरगुती यंत्र बाहेरची ताजी हवा आंत आणीत नाहीं, खोलींतलीच हवा फिरवितें. चार माणसें दारें-खिडक्या बंद करून रात्रभर झोंपलीं तर सकाळीं डोकें जड होतें, तें याच कारणानें. झोंपण्यापूर्वीं आणि पहांटे खिडक्या कांहीं वेळ उघडाव्या, आणि बंद खोलींत मच्छरांची अगरबत्ती जाळूं नये. उन्हाळा सरून यंत्र बंद करावयाचें त्या दिवशीं तें अर्धा तास नुसत्या पंख्यावर चालवावें, म्हणजे कॉइल कोरडी होते आणि पुढल्या वर्षींचा कुबट वास उगमापाशींच थांबतो.

एवढें झाल्यावर होळीनंतर तोच कारागीर पुन्हां दारीं आला आणि म्हणाला, “काकू, गॅस कमी झालाय,” तर काकूंनीं तापमापक पुढें करावा आणि शांतपणें विचारावें, “कमी झाला असेल, तर तो गेला कोठून, तें आधीं दाखवा.” या प्रश्नाचें उत्तर मिळाल्याशिवाय पैशांची थैली उघडूं नये, आणि उत्तर शोधण्यास तो तयार असेल, तर त्याला बसावयास खुर्ची, गार पाणी आणि पुरेसा वेळ द्यावा.